‘३१ डिसेंबरला रजा बुडते’ हा नियम कुठून आला?

वाचकाचं पत्र:

नाशिकमध्ये आमचं घरगुती उपकरणांचं दुकान आहे आणि त्याला जोडून दुरुस्ती केंद्र. सगळे मिळून २६ जण काम करतात. महिन्याला एक याप्रमाणे वर्षाला १२ पगारी रजा देतो. न घेतलेली रजा ३१ डिसेंबरला बुडते. साप्ताहिक सुट्टीला लागून दोन्ही बाजूंनी रजा घेतली, तर मधली सुट्टीही रजेत धरतो. आजवर कुणी तक्रार केली नव्हती. या जानेवारीत मात्र तीन गोष्टी एकदम आल्या. १८,००० पगाराची कॅशियर १२ तारखेला नोटीस न देता काम सोडून गेली आणि आता रजेचे पैसे मागते आहे. १७,५०० पगाराचा टेक्निशियन कावीळ होऊन १९ दिवस घरी होता. आमच्याकडे आजारपणाची रजा नाही, म्हणून पगार कापला, तर तो नाराज आहे. आणि १ सप्टेंबरला २६,००० पगारावर लागलेल्या अकाउंटंट बाई गरोदर आहेत. डॉक्टरांनी २५ मे ही तारीख दिली आहे. त्या अजून प्रोबेशनवर आहेत. एक मित्र म्हणतो, प्रोबेशन वाढवा आणि मार्चमध्ये मोकळं करा. कायद्याने आम्ही नेमकं काय देणं लागतो?

उत्तर:

मित्राचा सल्ला आधी बाजूला ठेवा. तो पाळलात तर या पत्रातला सगळ्यात महागडा खर्च तोच ठरेल. त्याकडे पुढे येऊ. आधी तुमच्या १२ रजांचं बघू, कारण बाकीच्या अडचणी बऱ्याचशा त्या नियमातूनच निघाल्या आहेत.

तुम्हाला लागू होणारा मुख्य कायदा महाराष्ट्राचा शॉप अ‍ॅक्ट, म्हणजे १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झालेला दुकाने व आस्थापना कायदा. पूर्वी तो १० कामगारांपासून लागायचा. ऑक्टोबर २०२५ च्या अध्यादेशाने ही मर्यादा २० वर नेली. तुम्ही २६ आहात, त्यामुळे तुमच्यात काही फरक पडत नाही. मात्र २० च्या खाली आलं की सगळ्यातूनच सुटलो, असं समजून माणसं कागदोपत्री कमी दाखवणारे पुष्कळ आहेत. प्रसूती रजा, ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आणि लैंगिक छळ प्रतिबंध कायदा यांची मर्यादा आजही १० चीच आहे.

शॉप अ‍ॅक्टचं कलम १८ रजेची तीन वेगळी खाती मांडतं. पहिलं नैमित्तिक रजेचं, म्हणजे सीएलचं: वर्षाला ८ दिवस. ती तिमाहीला दोन-दोन दिवस खात्यावर चढते आणि वर्षअखेरीस न वापरलेली खरोखरच बुडते. दुसरं सणावाराच्या पगारी सुट्ट्यांचं, तेही ८ दिवसांचं: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि वर्ष सुरू होण्याआधी कामगारांशी ठरवून घेतलेले आणखी चार दिवस. तिसरं अर्जित रजेचं, ज्याला सगळे पीएल किंवा ईएल म्हणतात. साप्ताहिक सुट्टी या तिन्हींच्या बाहेरची.

तुमच्या १२ मध्ये ही पहिली आणि तिसरी दोन्ही खाती एकाच डब्यात कोंबली आहेत, आणि डब्याला कुलूप पहिल्या खात्याचं लावलं आहे. बुडण्याचा नियम फक्त सीएलला आहे. अर्जित रजा बुडत नाही, कारण ती येणाऱ्या वर्षाची सवलत नसते. ती मागच्या वर्षी केलेल्या कामातून आधीच कमावलेली असते.

तिचा हिशेब असा: वर्षभरात प्रत्यक्ष कामाचे जितके दिवस भरले, त्याला २० ने भागायचं. ३६५ मधून ५२ साप्ताहिक सुट्ट्या वजा केल्या, ८ सणाच्या, ८ सीएलच्या आणि समजा १२ अर्जित रजेच्या, की उरतात २८५. भागिले २० म्हणजे १४.२५, म्हणजे १४ दिवस. वर्षभर नेमाने कामावर येणाऱ्या माणसाला पुढच्या वर्षी साधारण १४ ते १५ दिवस मिळतात. त्यात ८ सीएल मिळवा, म्हणजे किमान २२. तुम्ही १२ देत होता. बिनपगारी खाडे मात्र कामाच्या दिवसांत धरायचे नाहीत. काही सल्लागारांच्या जुन्या नमुन्यांत अजून २१ दिवसांची रजा आणि ४२ दिवसांचा साठा दिसतो. ते आकडे १९४८ च्या रद्द झालेल्या कायद्याचे आहेत. पण तुमच्या कुणा जुन्या माणसाच्या नेमणूकपत्रात २१ लिहिलं असेल, तर त्याच्यासाठी ते २१ च राहतात.

ही रजा मिळण्याची अट वर्षात २४० दिवस कामाची. हे दिवस मोजताना चार प्रकारची गैरहजेरी काम केल्यासारखी धरायची: ले-ऑफचे, म्हणजे काम नसल्याने मालकाने तात्पुरतं घरी बसवलेले दिवस, २६ आठवड्यांपर्यंतची प्रसूती रजा, आधीच्या वर्षी कमावलेली आणि या वर्षी घेतलेली रजा, आणि कामावरच्या अपघातामुळे घरी बसावं लागलेले दिवस. ते २४० ची अट भरून काढण्यापुरतेच मोजायचे, त्या दिवसांवर नवी रजा मिळत नाही. भागाकार करताना नेमकं हेच विसरलं जातं आणि हिशेब दोन्ही बाजूंनी चुकतो.

इथे एक नवी गुंतागुंत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही केंद्रीय कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले चार नवे कायदे, लागू झाल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२ मध्ये अर्जित रजेची अट २४० ऐवजी १८० दिवसांची आहे. दर तोच, २० दिवसांमागे एक. अर्धा किंवा त्याहून जास्त अपूर्णांक असेल तर पूर्ण दिवस धरायचा. वर्षाच्या मध्ये लागलेल्या माणसाने उरलेल्या दिवसांच्या एक चतुर्थांश दिवस काम केलं, तरी तो पात्र होतो. पुढे नेण्याची मर्यादा मात्र तिथे ३० दिवसांची, आणि वर्षअखेरीस कामगाराने मागणी केली तर रजेचे पैसे द्यायचे. राज्याचा शॉप अ‍ॅक्ट संहितांनी रद्द केलेल्या कायद्यांच्या यादीत नाही, त्यामुळे तोही चालूच आहे. त्यात साठ्याची मर्यादा ४५ दिवसांची.

मग पाळायचं काय? प्रत्येक मुद्द्यावर जे कामगाराच्या जास्त फायद्याचं, ते. पात्रता १८० वर धरा, अर्धा दिवस पूर्ण धरा, साठा ४५ पर्यंत चालू द्या, वर्षअखेरीस कुणी पैसे मागितले तर द्या. खर्चात फरक फार पडत नाही, कारण जो टिकून काम करतो तो २४० ओलांडतोच. वाद मात्र टळतो.

रजा नाकारण्याबद्दल. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस किंवा एप्रिल-मेमधला कूलरचा हंगाम, या काळात तुम्ही अर्जित रजा नाकारू शकता. ती नाकारायला हरकत नाही. पण कामगाराने १५ दिवस आधी अर्ज केला असेल आणि तुम्ही नाही म्हणालात, तर ते नाही म्हणणं हिशेबात येतं. ४५ च्या वर गेलेल्या दिवसांचे पैसे मागण्याचा हक्क त्याला त्यातूनच मिळतो. रजा नाकारल्याची खबर तो सुविधाकाराकडे, म्हणजे पूर्वीच्या शॉप इन्स्पेक्टरकडे, देऊ शकतो आणि ती तिथे नोंदली जाते. नाकारणी तोंडी राहिली, तर सहा महिन्यांनी प्रत्येकाची आठवण वेगळी असते. म्हणून अर्जावरच ‘अमुक कारणाने आता नाही, त्याऐवजी अमुक तारखा’ असं लिहून परत द्या. अर्ज व्हॉट्सअ‍ॅपवर येत असतील तरी चालेल, फक्त उत्तरही तिथेच पूर्ण वाक्यात द्या. नुसता अंगठा किंवा ‘बघू’ नको.

मधली सुट्टी रजेत धरण्याची पद्धत आजच बंद करा. एखाद्याची साप्ताहिक सुट्टी सोमवारी आहे आणि त्याने रविवार व मंगळवार रजा घेतली, तर त्याच्या खात्यातून दोन दिवस जातात, तीन नाही. अर्जित रजेच्या मध्ये किंवा टोकाला आलेली कुठलीही सुट्टी रजेत मोजता येत नाही. सीएलबद्दल कायदा इतक्या तपशिलात जात नाही. तरी दोन रजांना दोन नियम ठेवून हजेरीपुस्तक लिहिणाऱ्याचा गोंधळ वाढवू नका. आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सेलमुळे कुणाला बोलावलं, तर बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत द्यायची. ‘नंतर कधीतरी घे’ यात ती हरवते.

आता कॅशियर. नोटीस दिली नाही म्हणून रजेचे पैसे बुडत नाहीत. तिची २०२५ ची हजेरी आम्ही पाहिलेली नाही. समजा २८४ दिवस भरले, तर १४ दिवस तिने कमावलेच. या १२ दिवसांत ती १० दिवस कामावर आली असेल, तर त्यावर अर्धा, म्हणजे पूर्ण एक. एकूण १५. हे मागचा साठा शून्य धरून झालं. तो शून्य होता का, हे जुनी हजेरी काढूनच कळेल. सीएलचे पैसे द्यायचे नाहीत.

दर काढताना बहुतेक जण पगाराला ३० ने भागतात. शॉप अ‍ॅक्ट रजेच्या पगारासाठी मागच्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांची सरासरी धरतो. ओव्हरटाइम वगळून, महागाई भत्ता धरून. महिन्याला २६ कामाचे दिवस असतील, तर तीन महिन्यांचे ५४,००० भागिले ७८ म्हणजे रोजचे ६९२.३१. पंधरा दिवसांचे १०,३८४.६५ रुपये. ३० ने भागलं असतं तर ९,००० झाले असते. तक्रार झाली की अधिकारी पहिल्यांदा बघतो तो हाच फरक.

वेतन संहितेनुसार कामगाराने राजीनामा दिला, त्याला काढलं किंवा नोकरकपातीत कमी केलं, तरी त्याचं थकलेलं वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचं असतं. रजेचे पैसेही त्याच हिशेबात चुकते करा. ‘महिन्याच्या ७ तारखेला सगळ्यांबरोबर’ किंवा ‘४५ दिवसांनी फुल अँड फायनल’ ही सवय आता चालणार नाही. तुमची मुदत उलटून गेली आहे, तेव्हा उद्याच बँकेत भरा आणि हिशेबाचा कागद तिला पाठवा. नोटिशीच्या पगाराची वसुली तिच्या नेमणूकपत्रात लिहिलेली असेल, तर तो वेगळा प्रश्न आणि वेगळी ओळ. रजेचे दिवस परस्पर गायब करून तो सोडवता येत नाही.

टेक्निशियनच्या बाबतीत तुम्ही म्हणता ते अर्धं बरोबर आहे. शॉप अ‍ॅक्टमध्ये आजारपणाची वेगळी रजा नाहीच. पण त्याचा पगार २१,००० च्या आत आहे, म्हणजे तो ईएसआयमध्ये असायलाच हवा. तुम्ही त्याच्यासाठी पगाराच्या ३.२५ टक्के भरता, त्याच्याकडून ०.७५ टक्के कापता. हे पैसे कशासाठी, तर अशा १९ दिवसांसाठी. सहा महिन्यांच्या संबंधित वर्गणीकाळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सरासरी रोजंदारीच्या ७० टक्के रक्कम महामंडळ थेट त्याच्या खात्यात देतं. आजारपणाचे पहिले दोन दिवस कोरडे जातात. म्हणजे १७ दिवसांचे साधारण सात हजार रुपये त्याला मिळू शकतात. तुमच्या खिशातून एकही नाही.

लागेल ते ईएसआयचं वैद्यकीय प्रमाणपत्र. खासगी डॉक्टरकडे गेला असेल, तर ते कागद आणि तपासण्यांचे रिपोर्ट घेऊन त्याला लगेच ईएसआयच्या दवाखान्यात पाठवा, ते मान्य करायचं की नाही हे महामंडळ ठरवतं. तुमच्या बाजूने हजेरी आणि त्या दिवसांचा पगार दिला नसल्याची माहिती बरोबर द्या. पहिल्या दोन दिवसांना सीएल लावा. बाकीच्या दिवसांना ‘ईएसआय रजा’ लिहा. त्याची अर्जित रजा परस्पर लावू नका, कारण पूर्ण पगारी रजा दिलेल्या दिवसांचा ईएसआय लाभ मिळत नाही. आणि तो हा लाभ घेत असताना त्याला कामावरून काढता येत नाही, हेही लक्षात असू द्या. ईएसआयची नोंदणीच केली नसेल, तर ती आधी करा. तो प्रश्न रजेच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे.

२१,००० च्या वर पगार असलेल्यांना हे छत्र नाही. त्यांच्यासाठी वर्षाला पाच-सात दिवस आजारी रजा स्वतःहून ठेवलीत, तर ताप अंगावर काढून काउंटरवर बसणारे कमी होतील. पण ही तुमची खुशी, सक्ती नाही. मुलगा-मुलगी झाल्यावर वडिलांना द्यायच्या रजेचंही तसंच, खासगी नोकरीत तिचा कायदा नाही.

अकाउंटंट बाई. १९६१ चा प्रसूती लाभ कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला आहे, पण मुख्य तरतुदी त्याच आहेत. पात्रतेची अट एकच: बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम. पगारी सुट्ट्याही त्यात मोजतात. त्या १ सप्टेंबरला लागल्या, म्हणजे ८० दिवस डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच झाले असणार. प्रोबेशन, कायम, करार, रोजंदारी असा भेद कायदा करत नाही. रोजंदारीवरच्या स्त्रियांनाही हा लाभ द्यायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिल्ली महापालिकेच्या खटल्यात सांगितलं. करार संपला तरी लाभ संपत नाही, हे २०२३ साली सांगितलं. नोकरीला लागताना त्या गरोदर होत्या का, त्यांनी सांगितलं होतं का, याने काही बदलत नाही.

रजा २६ आठवड्यांची, त्यातली जास्तीत जास्त ८ आठवडे अपेक्षित तारखेआधी. २५ मे धरली तर त्या लवकरात लवकर ३० मार्चपासून जाऊ शकतात आणि १८२ दिवस २७ सप्टेंबरला संपतात. आधी कमी घेतली, तर तेवढी नंतर जास्त. हे त्यांनी ठरवायचं. दोन किंवा अधिक हयात मुलं असतील, तर रजा १२ आठवड्यांची आणि आधीची मर्यादा ६ आठवड्यांची. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे त्या स्वतः तयार असल्या, ‘घरून थोडं जीएसटीचं बघते’ म्हणाल्या, तरी काम घ्यायचं नाही. हे तुमच्यासारख्या ठिकाणी हमखास घडतं, कारण रिटर्नचा पासवर्ड एकट्या त्यांनाच माहीत असतो. मार्चच्या आधी कुणाला तरी शेजारी बसवून काम शिकवून ठेवा.

पैसे तुम्हीच द्यायचे. पगार २१,००० च्या वर असल्याने ईएसआयकडून त्यांना काही मिळणार नाही. रजेआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी दैनिक वेतनाने २६ आठवडे, म्हणजे ढोबळमानाने दीड लाखाच्या घरात. बाळंतपणाआधीच्या काळाची रक्कम गरोदरपणाचा दाखला दिल्यावर आगाऊ, उरलेली बाळंत झाल्याचा दाखला मिळाल्यापासून ४८ तासांत. दरमहा पगारासारखी देण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, पण त्यांनी आगाऊ मागितली तर नाही म्हणता येणार नाही. बाळंतपणाच्या आधीची आणि नंतरची वैद्यकीय सोय तुम्ही मोफत करत नसाल, तर ३,५०० रुपये वैद्यकीय बोनस वेगळा.

प्रोबेशन वाढवून मार्चमध्ये मोकळं करण्याबद्दल. प्रसूती रजेवर असताना कामावरून काढणं किंवा त्या काळात संपेल अशी नोटीस देणं बेकायदा आहे. गरोदरपणात काढलं, तरी एरवी जो लाभ मिळाला असता तो द्यावाच लागतो. म्हणजे दीड लाख वाचत नाहीत, वर नोकरी परत देण्याचा वाद अंगावर येतो. कामात खरोखर खोट असेल, तर ती या बातमीच्या आधीच्या कागदांवर दिसायला हवी. बातमीनंतर लिहिलेल्या मेमोंवर कुणी विश्वास ठेवत नाही, आणि ठेवूही नये.

परत आल्यावर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन वेळा दूध पाजण्यासाठी सुट्टी, नेहमीच्या मधल्या सुट्टीव्यतिरिक्त. पाळणाघराची सक्ती ५० पासून, ती तुम्हाला नाही. गर्भपात झाला तर सहा आठवड्यांची पगारी रजा असते. ही तरतूद फार थोड्या मालकांना माहीत असते आणि बायका ती मागत नाहीत.

त्यांच्या अर्जित रजेचा हिशेबही घालून ठेवा. २०२५ मध्ये चार महिन्यांत साधारण १०० दिवस भरले, म्हणजे संहितेच्या नियमाने ५ दिवस. २०२६ मध्ये प्रत्यक्ष काम साधारण १५० दिवस होईल. प्रसूती रजेचे १८२ मिळवले की पात्रतेची अट सहज भरते. पण भागाकार १५० चाच करायचा: साडेसात, म्हणजे ८.

पत्रात न आलेल्या दोन रजा. लैंगिक छळाची तक्रार केलेल्या महिलेला चौकशी चालू असताना अंतर्गत समितीच्या शिफारशीवरून तीन महिन्यांपर्यंत रजा द्यावी लागते, आणि ती तिच्या इतर रजांतून कापायची नाही. २६ जणांच्या ठिकाणी ही समिती असणं बंधनकारक आहे. ती नसेल तर आताच करा. दुसरी, लोकसभा-विधानसभेच्या मतदानादिवशी मतदारांना पगारी सुट्टी.

हे सगळं लागू कुणाला, हाही प्रश्न येईल. शारीरिक, तांत्रिक, कुशल-अकुशल, कारकुनी काम करणारे सगळे शॉप अ‍ॅक्टचे कामगार. गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या जागेवरच्या माणसांना रजेचं कलम लागत नाही, त्यांचं नेमणूकपत्र चालतं. पण सगळ्या सेल्समनना ‘मॅनेजर’ छापलेली कार्डं देऊन सुटका होत नाही. काम काय करतो ते बघतात. प्रसूती लाभ मात्र पद आणि पगार न बघता प्रत्येकीला.

आता मागचं निस्तरायचं कसं. वेतन संहितेखाली थकबाकीचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, म्हणून निदान २०२३ पासूनची हजेरी काढा. प्रत्येकाचे दरवर्षीचे कामाचे दिवस, भागिले २०. त्यातून त्या माणसाने घेतलेल्या १२ पैकी पहिल्या ८ सीएलमध्ये टाका आणि वरच्या ४ अर्जित रजेतून वजा करा. सुट्टीचे दिवस रजेत धरून कापले असतील ते परत मिळवा. जो आकडा येईल तो ४५ च्या आत असेल तर सुरुवातीची शिल्लक म्हणून लिहा, त्यावर असेल तर जास्तीच्या दिवसांचे पैसे द्या. २६ माणसांचं हे काम दोन-तीन दिवसांचं आहे. शॉप अ‍ॅक्टच्या उल्लंघनाला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा केल्यास दोन लाखांपर्यंत.

रजेचं खातं संगणकावर ठेवलं तरी चालतं. प्रत्येकाच्या पानावर तीन रकाने वेगळे हवेत: सीएल, अर्जित, बदली सुट्टी. दर तिमाहीला शिल्लक पगाराच्या पावतीवर छापा. वर्षाच्या शेवटच्या तिमाहीचा आकडा कामगाराने पाहिलेला असला की जानेवारीत भांडण राहत नाही. सणाच्या चार सुट्ट्या डिसेंबरमध्येच बसून ठरवा, त्यावर दोन-तीन कामगारांच्या सह्या घ्या आणि यादी भिंतीवर लावा. ईद, नाताळ किंवा १४ एप्रिल हवा असणारे तुमच्याकडे असतील, त्यांना विचारल्याशिवाय चारही दिवाळी-गणपतीत घालू नका.

एक सावधगिरी. हा खर्च बघून काही मालक दुसरीकडून कापायला जातात: दिवाळीची जास्तीची सुट्टी बंद, अर्ध्या दिवसाची सवलत बंद. पगारी रजा आणि सुट्ट्या या सेवाशर्ती आहेत. त्या कामगाराच्या तोट्याच्या दिशेने बदलायच्या असतील, तर औद्योगिक संबंध संहितेनुसार आधी नोटीस द्यावी लागते आणि २१ दिवस थांबावं लागतं. फलकावर चिठ्ठी लावून सोमवारपासून लागू, असं करता येत नाही. वाढवायच्या असतील तर अशी कुठलीच आडकाठी नाही. त्यामुळे १२ चे २२ करण्याचं पत्र तुम्ही या आठवड्यातच काढू शकता.